झोपाळ्याच्या कड्या आणि ट्रॉलीचे दिवे

आमच्या घरात दोरी कापायची पद्धत नाही. मिठाईच्या पुडक्याची असो, नव्या मिक्सरच्या खोक्याची असो की साडीच्या दुकानातल्या पिशवीची, गाठ नखांनी सोडवायची, नखांनी नाही जमलं तर दातांनी, आणि दोरी बोटांभोवती गुंडाळून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. हे मला आईने शिकवलं. तिला माझ्या वडिलांच्या बदल्यांनी शिकवलं असणार. पुढे मी विमा कंपनीत लागलो, माझ्याही बदल्या सुरू झाल्या आणि डबा आईकडून माझ्याकडे आला. त्यात सुतळी होती, काथ्या होता, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. कालांतराने विजेच्या तारांचे तुकडेही आले, कारण तार म्हणजे तरी काय, आत तांबं असलेली दोरीच.

या पद्धतीचं एक पोटकलम असं, की गाठ नेहमी सुरगाठच मारायची. एका टोकाला ओढलं की सुटली पाहिजे. निरगाठ मारली की पुढच्या बदलीला दोरी कापावी लागते, आणि पुढची बदली तर ठरलेलीच. त्यामुळे चाळिशी ओलांडली तरी मला धड निरगाठ मारता येत नव्हती. ही गोष्ट मी एरवी कुणाला सांगितली नसती, पण जयपूरच्या त्या दिवसाचं मूळ इथे आहे.

दुसरं मूळ झोपाळ्यात आहे. आमच्या लग्नानंतर सासऱ्यांनी साताऱ्याच्या आपल्या घरातला झोपाळा आम्हाला दिला. सागवानी फळी, छतापासून लोंबणाऱ्या लांब पितळी कड्या. सासूबाई संध्याकाळी त्यावर बसून भाजी निवडायच्या. व्हरांड्यातले हूक रिकामे ठेवून त्यांनी तो उतरवला आणि लेकीबरोबर पाठवला. पहिली बदली भोपाळला झाली. तिथल्या मालकाने छताला भोक पाडायला साफ नकार दिला. त्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, झोपाळा टांगला का. फोन मी घेतला होता. मी म्हणालो, टांगला की.

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. नाही म्हणालो असतो तर त्यांना रिकामे हूक दिसले असते, एवढंच डोक्यात आलं. बायको समोर उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधाचं भांडं सांडलंय. पण पुढच्या फोनला तिने ते दूध पुसून घेतलं. म्हणाली, हो बाबा, संध्याकाळी बसते. मग ती या कामात माझ्याही पुढे गेली. उन्हाळ्यात झोपाळ्यावर वारा छान लागतो, पाहुणे आले की मुलं उतरत नाहीत, हल्ली फार कुरकुरतो म्हणून रविवारी तेल घातलं. प्रत्यक्षात फळी दाराआड उभी असायची. तिच्यावर पापड वाळले, पाहुण्यांसाठी दोन खुर्च्यांवर आडवी टाकून तिचं बाक झालं, आणि एक वर्षभर मी तिच्यावर शर्टांना इस्त्री केली. इस्त्री करताना मला प्रत्येक वेळी सासरे आठवायचे. तरी करायचो.

सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला होत्या, त्यामुळे सासरे आमच्याकडे कधी आले नाहीत आणि खोटं सुखाने नांदलं. मग सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या दिवाळीला सासरे म्हणाले, आता मोकळा आहे, येतो तुमच्याकडे.

तेव्हा आम्ही जयपूरला आदर्श नगरात भाड्याने राहत होतो. आमचे मालक माणूस म्हणून उत्तम, पण त्यांचा जीव छतात होता. त्यांच्या वडिलांनी करवून घेतलेला चुन्याचा गिलावा होता तो, अंड्याच्या टरफलासारखा गुळगुळीत. घर देताना त्यांनी भाड्याआधी छताची अट सांगितली होती. कॅलेंडरसुद्धा आम्ही खिडकीच्या गजाला लावलं होतं. पण यंदा आम्ही जगतपुऱ्यात स्वतःचा फ्लॅट घेतला होता, आणि स्लॅब पडतानाच बायकोने तिथे उभं राहून हॉलच्या छतात लोखंडी हूक बसवून घेतले होते. फरशी कुठली, नळ कुठले, काही विचारलं नाही. फक्त हूक.

सासऱ्यांची गाडी संध्याकाळी येणार होती. घरातलं जवळजवळ सगळं सामान आदल्या दिवशी टेंपोने गेलं होतं. झोपाळा मात्र बायकोने टेंपोत घालू दिला नाही. मागच्या बदलीला हमालांनी फळीवर ओरखडा काढला होता. शिवाय ती दोन दिवस त्याच्याच मागे होती. फळीला तेलपाणी केलं होतं, कड्या चिंचेने घासून सोन्यासारख्या केल्या होत्या. बेत साधा होता. दुपारी फळी आपल्या गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर न्यायची, टांगायची, आणि संध्याकाळी सासऱ्यांना आणून थेट झोपाळ्यावर बसवायचं. खोटं त्या क्षणी खरं होणार होतं. मला तर ते मागच्या तारखेपासूनच खरं होईल असं वाटत होतं.

मी डबा काढला. फळीच्या लांबीची अखंड दोरी त्यात एकही नव्हती, म्हणून मी जोडत गेलो. सुतळीला काथ्या, काथ्याला नायलॉन. प्रत्येक जोड सुरगाठीचा. फळी कॅरिअरवर ठेवली, दोरी वरून चारपाच वेळा घेतली, हलवून पाहिली. बायको म्हणाली, पुढून काही बांधलं नाहीत. मी म्हणालो, फळी वर उडायला नको, पुढे कशाला जाईल.

आज मला माहीत आहे की टपावरचं सामान वर उडत नाही, पुढे जातं. ब्रेक लागला की गाडी थांबते, सामानाला तसं कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंनी तिरक्या दोऱ्या ओढून घ्यायच्या आणि फळीखाली जुनी सतरंजी घालायची. आणि नायलॉन ताणलं की लांबतं, काथ्या लांबत नाही, त्यामुळे दोघांचं लग्न लावू नये. आमच्याकडे तर तेलपाणी केलेली गुळगुळीत फळी, खाली लोखंडी नळ्या, आणि वर सुतळी-काथ्या-नायलॉनचं एकत्र कुटुंब.

कॉलनीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि समोर उंटगाडा आडवा आला. मी ब्रेक दाबला. डोक्यावर सर्र असा आवाज झाला आणि काचेसमोर वरून सागवानी फळी हळूहळू खाली आली, बॉनेटवर टेकली आणि थांबली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की गाडीने उंटाला जीभ काढून दाखवली. उंटाने आमच्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहिलं. गाडेवाला म्हणाला, "भाईसाब, ये बच्चों की फिसलपट्टी कहाँ ले जा रहे हो?"

बायको खाली उतरली, फळीवरून हात फिरवून ओरखडा नाही याची खात्री केली, आणि मग म्हणाली, "सगळ्या गाठी सुटल्या बघा. अगदी एका झटक्यात. आईंना बरं वाटलं असतं."

कॅरिअरचे पुढचे चिमटेही टपाच्या पन्हळीतून निसटून वाकडे झाले होते. फळी मागच्या सीटवरून खिडकीबाहेर काढून आम्ही कसेबसे घरी परतलो. बायको रस्ताभर फळीचं बाहेरचं टोक धरून बसली होती.

मालक अंगणात उभे होते. सांगानेरला त्यांचा कापडछपाईचा कारखाना होता आणि कापडाचे गठ्ठे आणायला त्यांच्या जीपमागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली होती. झाली गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले आणि म्हणाले, ट्रॉलीत टाका, मी सोडतो. मला बरं वाटायला हवं होतं, पण अपराधी वाटलं, कारण भोपाळपासून आत्तापर्यंतच्या सगळ्या मालकांना मी मनातून झोपाळ्याचे शत्रू मानत आलो होतो. त्यात यांचा नंबर फार वरचा होता.

एकच अडचण होती. फ्लॅटवर पोहोचेपर्यंत अंधारून येणार आणि ट्रॉलीचे मागचे दिवे बंद होते. जीपमधून ट्रॉलीकडे येणारी तार उंदरांनी कुरतडली होती. मालक म्हणाले, गठ्ठे मी दिवसाच नेतो, दिवे कशाला लागतात. पण मी विम्याचा माणूस. मागून कुणीतरी येऊन झोपाळ्यावर धडकतंय हे चित्र मला स्पष्ट दिसायला लागलं. मी पुन्हा डबा काढला आणि तारांचे तुकडे जोडायला बसलो. बायकोने तो जोडकामाचा देखावा पाहिला आणि आत निघून गेली.

तारा जोडून झाल्या. तोवर बायको झोपाळ्याच्या कड्या घेऊन बाहेर आली होती. त्या तिने ट्रॉलीच्या पुढच्या लोखंडी फळक्यावरून खाली सोडल्या आणि मागे जाऊन उभी राहिली. मी जीपमध्ये बसून डावा इंडिकेटर दिला. ती म्हणाली, लागला. उजवा. लागला. ब्रेक. लागला. मला भरून आलं. दुपारच्या प्रकारानंतर कसली तरी भरपाई झाल्यासारखं वाटलं.

मग तिने कड्या उचलल्या आणि एका जुन्या सुती साडीत गुंडाळायला घेतल्या, जाताना घासू नयेत म्हणून. मी सहज पुन्हा एकदा इंडिकेटर दिला. ती म्हणाली, हे काय, दोन्हीकडे लुकलुकतंय, तेही मेल्यासारखं. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद पेटले. जणू सगळ्या दिव्यांना एकदम झोप येत होती.

माझा माझ्या शेवटच्या जोडावर संशय होता. तो सोडला, पुन्हा बांधला. बल्ब बदलले. डाव्याची तार उजव्याला लावून पाहिली. मालकांनी जीपच्या फ्यूजला दोष दिला, मी मालकांच्या उंदरांना. तासभर गेला. सासऱ्यांची गाडी आता यायला आली होती. शेवटी बायको पुढे आली.

"अहो, कड्या इथे होत्या तेव्हा नीट लागत होते."

मी तिला समजावून सांगितलं की झोपाळ्याच्या कड्यांचा आणि दिव्यांचा काही संबंध नसतो. तिने वाद घातला नाही. साडी सोडली आणि कड्या होत्या तशा पुन्हा फळक्यावरून सोडल्या. दिवे लख्ख लागले. उचलल्या, दिवे आजारी पडले. पुन्हा ठेवल्या, बरे झाले. मग गरज नसताना तिने हे आणखी एकदा केलं आणि म्हणाली, "बाबांच्या कड्यांनी उजेड पडतोय. तुमच्या तारांनी नाही."

मी खाली वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. दिव्यापर्यंत वीज नेली की तिला परत यायलाही वाट लागते. ती वाट तारेने नसेल तर गाडीच्या लोखंडातूनच असते, ट्रॉलीच्या सांगाड्यातून जोडणीच्या कडीत आणि तिथून जीपमध्ये. पण मालकांनी दिवाळीची रंगाई काढली होती. जयपुरात दिवाळीला जे हलत नाही ते सगळं रंगवतात आणि आमच्या मालकांनी हलणारंही सोडलं नव्हतं. ट्रॉली, जोडणीची कडी, जीपचा हूक, नटबोल्ट, सगळ्यावर हिरव्या तेलरंगाचे जाड थर. लोखंड लोखंडाला लागलेलं दिसत होतं, पण मध्ये रंग होता. परतीचा रस्ता बंद झाल्याने वीज बिचारी दुसऱ्या दिव्यांच्या घरातून वाट काढत होती. फक्त फळक्याची वरची कडा गठ्ठे घासून उघडी पडली होती, आणि चिंचेने लखलखीत केलेल्या पितळी कड्या तिथून खाली थेट जीपच्या बंपरच्या ओरखड्यावर टेकत होत्या. सासऱ्यांच्या झोपाळ्याने वाट जोडून दिली होती.

मी स्वयंपाकघरातल्या सुरीने एकेका बोल्टवरचा रंग खरवडला आणि डब्यातून जुन्या इस्त्रीची जाड वायर काढून ट्रॉलीच्या बोल्टपासून जीपच्या बोल्टपर्यंत पक्की जोडली. ज्या इस्त्रीने त्या फळीवर पाप केलं होतं तिचीच वायर. रंग खरवडताना मालक तोंड फिरवून उभे होते.

आता वेळ उरला नव्हता. ठरलं असं की मी आमच्या गाडीने स्टेशनवर जायचं, बायको आणि मालक झोपाळा घेऊन पुढे जातील, फ्लॅटखाली बोलावून ठेवलेल्या मिस्त्रीकडून टांगून घेतील, आणि मी सासऱ्यांना जमेल तितकं रमतगमत आणायचं. निघण्याआधी बायकोने मला समोर उभं करून फळी आणि स्वयंपाकघरातलं उरलेलं खोकं निरगाठींनी बांधायला लावलं. कशी मारायची ते तिनेच दाखवलं. आडव्या-तिरक्या दोऱ्या, खाली सतरंजी, आणि प्रत्येक गाठ अशी की ओढाल तितकी घट्ट.

सासरे गाडीतून उतरले ते अगदी ताजेतवाने. मी त्यांना स्टेशनबाहेर चहा पाजला. रस्ताभर दिवाळीची रोषणाई दाखवत आलो. एका चौकात तर दोनदा दाखवली. त्यांनी विचारलं, झोपाळा नव्या घरी नेला ना. मी म्हणालो, हो, तोच आधी. हे तरी खरं होतं. घरातला एकुलता मोबाइल माझ्या खिशात होता, त्यामुळे मी जगात कुणालाही फोन करू शकत होतो, फक्त बायको सोडून.

जगतपुऱ्याचं रेल्वे फाटक बंद होतं. गाड्यांची रांग लागली होती. मी रांगेत शेवटी जाऊन थांबलो आणि गाडीचे पुढचे दिवे मालवले. आणि माझ्या पुढे, हातभर अंतरावर, अंधारात, दोन तांबडे दिवे लखलखत होते. इतके छान की नजर दुसरीकडे जाईना. त्या दिव्यांच्या उजेडात सागवानी फळी आडवी पडलेली आणि साडीच्या गुंडाळीतून पितळेचं एक टोक बाहेर आलेलं.

बायकोने मालकांना सांगितलं होतं की झोपाळा आहे, हळू चालवा. मालकांनी फारच मनावर घेतलं होतं.

सासरे पुढे वाकले. "जावईबापू, हा झोपाळा अगदी आपल्यासारखा आहे हो."

 मनात एकच विचार होता. दिवे तसेच बंद राहिले असते तर त्यांना काही दिसलं नसतं.

"आणि साडीही आपल्याकडचीच दिसतेय. सूनमुखाला घेतलेली. तुमच्या सासूबाईंची," ते म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले.

मी मागोमाग धावलो. तेवढ्यात मला सुटकेची वाट दिसली, आणि ती जवळजवळ खरीही होती. म्हणालो, बाबा, आजच घर बदलतोय ना, म्हणून जुन्या घरातून उतरवून आणलाय. बायकोही जीपमधून उतरली होती. तिने वडिलांना नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे हे चालण्यासारखं आहे. सासऱ्यांचा चेहरा उजळला. सगळं निभावलं होतं.

मग मालक उतरले. हात जोडून म्हणाले, बाऊजी, जयपुरात स्वागत आहे. सासऱ्यांनी त्यांचे आभार मानले, इतकी वर्षं तुमच्या घरात माझ्या लेकीचा झोपाळा टांगू दिलात. मालकांनी छातीवर हात ठेवला. घराची अब्रू गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

"झूला? हमारी छत में? बाऊजी, मैंने तो इन्हें कैलेंडर की कील नहीं ठोकने दी."

पलीकडून मालगाडी जायला लागली. फार लांब होती. तिचा आवाज होता तोवर कुणाला काही बोलावं लागलं नाही, आणि मी मनातल्या मनात डबे आणखी जोडत होतो. शेवटचा डबा गेला. सासरे ट्रॉलीजवळ गेले, फळीच्या कड्या अडकवायच्या भोकांत बोट घालून पाहिलं. भोकांत वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसली होती. ते लेकीकडे वळले.

"मग पोरी, रविवारी तेल कशाला घालत होतीस?"

तिने थोडा विचार केला. "दाराला," ती म्हणाली. "त्याच्या मागेच असायचा."

सासरे कितीतरी वेळ हसले नाहीत. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तेव्हा ते माझ्या गाडीत न बसता जीपमध्ये पुढे जाऊन बसले आणि मालकांना म्हणाले, चला, हळू चालवा, झोपाळा आहे. मी एकटा मागे. पूर्ण रस्ता ते दोन दिवे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि प्रत्येक वळणावर इंडिकेटर अगदी नेमका लागत होता.

फ्लॅटवर सासऱ्यांनी मिस्त्रीला बाजूला केलं. कड्या स्वतः अडकवल्या, फळी समतल आहे का ते वाटीभर पाणी ठेवून पाहिलं. मालक मात्र मान वर करून छताकडेच बघत होते, हुकाभोवती तडा जातो का म्हणून. सासरे त्यांना म्हणाले, आधी तुम्ही बसा. ते नको नको म्हणत बसले, अगदी कडेला, पाय जमिनीला टेकवून. मग सासऱ्यांनी लेकीला शेजारी बसवलं, स्वतः तिच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि पायाने जमिनीला हलकाच रेटा दिला.

झोपाळा कुरकुरला. चांगलाच, सगळ्या हॉलभर.

सासरे माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता घाला तेल."

तेलाची बाटली स्वयंपाकघराच्या खोक्यात होती. खोक्याला मी निघताना निरगाठी मारल्या होत्या. नखांनी सुटेनात, दातांनी सुटेनात. मागे झोपाळा कुरकुरत होता आणि तिघं वाट बघत होते. शेवटी मी डब्यात टाकून आणलेली, रंग लागलेली तीच सुरी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा दोरी कापली.

तुकडे मात्र डब्यात टाकले.